रीताच्या हातावरचा नंबर

जबाब
दिनांक ०४/०३/२०२५

मी, शिवकन्या परमेश्वर गडदे, वय २९ वर्षे, व्यवसाय शेती, मेंढीपालन व घरकाम, राहणार मौजे लिंबाळवाडी, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली, समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझा नवरा परमेश्वर, सासरे संतराम, मुलगी राजनंदिनी वय साडेचार वर्षे आणि मुलगा बालाजी वय तीन वर्षे यांच्यासह राहते. आमची थोडी हळद आहे आणि मेंढ्यांचा कळप आहे. मयत रणजीत हा माझा सख्खा धाकटा भाऊ होता. तो नांदेडला एका मालकाची गाडी चालवायचा. त्याचे लग्न झालेले नव्हते.

घटनेबाबत माझ्याकडे याआधी कोणी विचारपूस केलेली नाही. मी दवाखान्यात भावाजवळ होते व नंतर माहेरी त्याच्या मातीला होते. गावातून जी फिर्याद आली आहे तिच्यात अनोळखी जमाव असे लिहिले आहे, असे मला इथे आल्यावर समजले. लिंबाळवाडीत अनोळखी कोणी नाही. आमच्या गावात कोणाचे कुत्रे व्याले तरी पिलांचा बाप कोण ते लोकांना माहीत असते.

नांदेडच्या अलीकडे लेकरांसाठी एक पार्क झाला आहे. तिथे छोटी रेल्वे, पाळणे, पाण्याची घसरगुंडी असे आहे. रणजीत मालकाच्या लेकरांना घेऊन तिथे जाऊन आला होता. तेव्हापासून त्याने माझ्या लेकरांना न्यायचे डोक्यात घेतले. तो विषय तो घेऊनच बसायचा, सोडायचाच नाही. रोज फोन करायचा. बालाजी दुपारी झोपतो म्हणून सकाळी लवकर निघायचे आणि चारच्या आत परत फिरायचे. राजनंदिनीला गाडी लागते म्हणून तिला पुढे बसवायचे आणि पोटभर खाऊ घालायचे नाही. तिथे अस्वलाचे सोंग घेतलेला माणूस फिरतो, त्याला बालाजी घाबरेल म्हणून आधीच सांगून ठेवायचे. चड्ड्या जास्त घ्यायच्या. हवालदार मॅडमनी मला मुद्द्याचे बोला असे सांगितले. हा मुद्दाच आहे. ज्या माणसाला लोकांनी लेकरं पळवणारा म्हणून मारले त्याला बालाजीच्या चड्ड्यांची काळजी होती, हे कागदावर आलेच पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

जाण्याचा दिवस अमावास्येचा धरला. त्या दिवशी आपल्याकडची माणसे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पार्कात गर्दी नसते असे रणजीतचे म्हणणे होते. माझे सासरे संतराम यांना ते आवडले नाही. ते म्हणाले, "आवसंला लेकरं गावाबाहीर काढतेत व्हय?" त्यावर रणजीत म्हणाला, "आबा, आवसंला झुला उलटा फिरत न्हाई." सासरेही हसले. नवऱ्याने कसलीच हरकत घेतली नाही. मेंढ्या सोडून येता येत नाही, तुम्हीच जाऊन या, असे तो म्हणाला. हे सर्व तो ऐकत होता, बोलत होता व त्याला सर्व माहीत होते, हे मी मुद्दाम सांगते.

आमच्या शेजारी ज्ञानबा व भागाबाई हे म्हातारे जोडपे राहते. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले आहेत. त्यांची नात रीता, वय चार वर्षे, ही आजीआजोबांजवळ असते आणि राजनंदिनीबरोबर अंगणवाडीत जाते. राजनंदिनीने रीताशिवाय जाणार नाही असा हट्ट धरला. मी भागाबाईला विचारले. ती म्हणाली, "ने माय, बिचारीनं काय बघितलंय. पर आमच्या म्हाताऱ्याला बोलू नको, तो आवस म्हनून पाठवायचा न्हाई. मी सांगते मागून." भागाबाईने रीतालाही आजोबांना काही सांगायचे नाही म्हणून बजावले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रणजीत मालकाची पांढरी व्हॅन घेऊन आमच्या घरी मुक्कामाला आला. पार्कात ठरावीक उंचीच्या खालच्या लेकराला काही पाळण्यांत बसू देत नाहीत. तिथे जाऊन लेकरू रडण्यापेक्षा इथेच माप घेऊ असे तो म्हणाला. घरात टेप नव्हता. नवऱ्याने करगोट्याचा काळा दोरा काढून दिला. बालाजी उभा राहीना, तेव्हा नवऱ्याने त्याला सतरंजीवर निजवून पाय धरले आणि रणजीतने दोरा लावून गाठ मारली. तशीच राजनंदिनीची आणि रीताचीही गाठ मारली. सासरे म्हणाले, "निजवून माप मड्याचं घेतेत." दोरा रणजीतने खिशात ठेवला.

दिनांक २७/०२/२०२५ रोजी गुरुवारी सकाळी लेकरांना न्हाऊ घालून नवे कपडे घातले. नवरा पहाटेच मेंढ्या घेऊन फाट्याकडे गेला होता. जाताना फाट्यावर थांबा, मला लेकरं बघू द्या, असे तो सांगून गेला होता. निघताना रणजीतने राजनंदिनीच्या दप्तरातला लाल स्केचपेन घेतला आणि तिन्ही लेकरांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, फोन नंबर लिहिला. गर्दीत लेकरू सुटले तर कोणीही फोन लावू शकेल, मालकीणबाई असेच करतात, असे त्याने मला सांगितले. त्याचा आणि माझा फोन तिथे पाण्यात भिजेल म्हणून नंबर माझ्या नवऱ्याचा लिहिला. रीताच्या आईबापाचा फोन ऊसाच्या फडात लागत नाही आणि ज्ञानबाकडे फोन नाही, म्हणून तिच्या हातावरही तोच नंबर लिहिला.

इथे एक सांगावे लागेल. आमच्याकडे व्यापारी येऊन मेंढीचा सौदा करतो, पण लगेच नेत नाही. सौदा झालेल्या मेंढीच्या अंगावर तो लाल रंगाची खूण ओढून जातो. खूण पडली की ती मेंढी चरते तुमच्या कळपात, पण तुमची नसते. हे आमच्या गावात पाळण्यातल्या लेकरालाही कळते. मला कळायला पाहिजे होते. मी समोर उभी होते आणि माझ्या डोक्यात फक्त एवढेच आले की बालाजीने सांडलेले दूध नव्या फ्रॉकला लागेल.

त्या पंधरवड्यात लेकरं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ गावात सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. कुठला होता ते कोणालाच माहीत नव्हते. त्यात पांढरी गाडी होती.

साधारण साडेआठ वाजता आम्ही फाट्यावर पोहोचलो. फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली चहाचे हॉटेल आहे. अमावास्या म्हणून हळद शिजवायचे काम बंद होते, त्यामुळे तिथे वीस-पंचवीस माणसे रिकामी बसली होती. त्यात ज्ञानबा होता. नवरा रस्त्याच्या पलीकडे मेंढ्यांजवळ होता. मी त्याला हात केला, तो यायला निघाला. तेवढ्यात ज्ञानबाने गाडीच्या काचेतून रीताला पाहिले. तो जवळ आला आणि म्हणाला, "रीते, तू कुठं चालली गं?" आजीने सांगू नको म्हटल्यामुळे रीता घाबरली आणि सीटखाली दडली. ज्ञानबाने दार उघडून तिला बाहेर ओढले. ती मोठ्याने रडायला लागली. तेव्हा त्याला तिचा हात दिसला.

ज्ञानबा ओरडला, "खून घातली रं! माझ्या नातीवर खून घातली!"

हॉटेलातली माणसे उठली. रणजीत गाडीतून उतरला आणि हसत हसत म्हणाला, "काका, मी रणजीत. शिवकन्या अक्काचा भाऊ. लेकरायला झुल्यात बसवायला नेऊन राहिलो." तो अजून हसत होता तेव्हा त्याला पहिली थापड बसली. ती ज्ञानबाने मारली. मग दोघातिघांनी त्याची गचांडी धरली. कोणीतरी राजनंदिनीचा हात वर करून दाखवला, मग बालाजीचा. "तिन्हीवर हाय! तिन्ही इकली!" असा गलका झाला. व्हॅनची पुढची काच दगडाने फोडली. काचेचे तुकडे लेकरांच्या अंगावर पडले. मी लेकरांवर पालथी पडले. माझ्या पाठीला जे लागले आहे ते तिथले आहे, ते दवाखान्याच्या कागदात आहे.

रणजीतचा शर्ट फाडून खिसे तपासले. खिशातून गाठी मारलेला काळा दोरा निघाला. एक जण म्हणाला, "आवसंला माप घेऊन चालला, बळी द्यायला." तेव्हापासून त्याला लाथा सुरू झाल्या. तो खाली बसून दोन्ही हात डोक्यावर धरून सांगत होता, "अक्काला इचारा, दाजीला इचारा, दाजीला समदं ठावं हाय." माझा नवरा तोपर्यंत गर्दीत येऊन उभा होता. मी त्याला हाक मारून म्हणाले, "आवो, सांगा की यायला! तुमी बोला!" तो बोलला नाही.

मग जे झाले ते माझ्या तोंडाने झाले. मी ओरडले, "ती खून न्हाई, फोनचा नंबर हाय. लावून बघा!" किराणा दुकानवाला भागवत याने रीताचा हात धरला आणि बघून बघून नंबर लावला. सगळे गप्प झाले. मला वाटले, वाचलो. फोन माझ्या नवऱ्याच्या खिशात वाजला.

रीताच्या हातावर नंबर आणि वाजतो परमेश्वरचा फोन, हे ऐकल्यावर ज्ञानबा त्याच्याकडे वळला. तो म्हणाला, "परमेश्वरा, तू इकली व्हय रं माझी नात?" त्याच्या डोळ्यात पाणी होते. तो सोंग करत नव्हता, त्याला खरेच तसे वाटले. सगळी माणसे माझ्या नवऱ्याकडे वळली. कोणीतरी म्हणाले, "मेव्हन्या-भावजीचा धंदा हाय." नवऱ्याच्या मागे माणसे होती आणि पुढेही माणसे होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला डोळ्याने खूण केली की सांगून टाक. आदल्या दिवशी त्यानेच दोरा काढून दिला होता. बालाजीचे पाय त्यानेच धरले होते. एवढे बोलायला त्याला किती वेळ लागला असता?

तो म्हणाला, "मला काय ठावं? ह्यानंच लिवलं आसंन माझ्या नावावर." ज्ञानबा म्हणाला, "मंग काहून उभा हायस?"

त्यावर माझ्या नवऱ्याने हातातली मेंढ्या वळायची काठी दोन्ही हातांनी उचलून रणजीतच्या डोक्यात मारली. ती बाभळीची काठी आहे आणि तिच्या टोकाला लोखंडी कडे आहे. कड्याची बाजू डाव्या कानाच्या मागे लागली. ज्या आवाजाने लागली तो आवाज मला सांगता येत नाही, लिहूही नये. रणजीतचे हात डोक्यावरून खाली आले. त्याने एकदाच म्हटले, "दाजी." भागवतचा फोन अजून चालू होता आणि नवऱ्याच्या खिशात वाजत होता. तो वाजत असताना त्याने दुसरी काठी मारली. ती पाठीवर बसली.

घरच्यानेच मारले म्हटल्यावर बाकीच्यांना कशाचीच भीती उरली नाही. दगड, चपला, हॉटेलातले लाकडी बाकडे, जे हाताला आले त्याने मारले. एक जण पोटावर उभा राहिला. मारणाऱ्यांपैकी सात जणांना मी नावानिशी ओळखते, ती नावे वेगळी दिलेली आहेत. माझी साडी धरून मला दोन बायकांनी मागे ओढले होते. त्या मला वाचवत होत्या की अडवत होत्या हे मला आजही कळलेले नाही. रणजीतच्या कानातून रक्त येत होते आणि ते मातीत जिरत होते. बालाजी गाडीतून ओरडत होता, "मामा, ऊठ, उशीर होऊन राहिला."

भागाबाई गावातून पळत आली. कोणीतरी फोनवर पाहून तिला सांगितले असेल, कारण या सगळ्याचेही लोक व्हिडिओ काढत होते. ती आल्याबरोबर आपली छाती बडवून म्हणाली, "आरं मीच धाडली रं पोरीला! मीच हाव म्हनले!" तेव्हा हात थांबले. ज्ञानबा जागच्या जागी बसला आणि रीताच्या हातावरचा रंग धोतराने पुसायला लागला. पुसताना तो थुंकी लावत होता आणि रंग पसरत होता. माणसे एकएक करून पांगली. हॉटेलवाल्याने पाणी मारून रक्त धुवायला घेतले, त्याला मी शिव्या दिल्या. त्या शिव्यांबद्दल मला काही वाटत नाही.

व्हॅन चालवायला कोणी तयार होईना. शेवटी भागवत बसला. ज्याने नंबर लावला त्यानेच फुटक्या काचेची गाडी वसमतपर्यंत चालवली आणि सबंध रस्ता तो रडत होता. मागच्या सीटवर रणजीतचे डोके माझ्या मांडीवर होते. लेकरांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोघेही त्याच्या पायाशी बसले होते. राजनंदिनीने त्याच्या पायातला एक बूट निघाला होता तो धरून ठेवला. वसमतहून नांदेडला पाठवले. रणजीतला पुन्हा शुद्ध आली नाही. दिनांक ०१/०३/२०२५ रोजी सकाळी तो वारला. नवरा दवाखान्यात आला नाही, मातीलाही आला नाही.

काल दिनांक ०३/०३/२०२५ रोजी सासरे संतराम मला न्यायला माहेरी आले. मी लेकरांना घेऊन त्यांच्याबरोबर लिंबाळवाडीला परत आले तेव्हा नवरा घरी होता. त्याने माझ्यासमोर काहीही नाकारले नाही. मी त्याला विचारले, "काहून मारलं?" तो म्हणाला, "न्हाई मारलो आसतो तर मला मारलं आसतं त्यायनं. तू रांडमुंड झाली आसती, लेकरं उघडे पडले आसते." हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्या दिवशी त्यांनी त्यालाही मारले असते. ते मी लपवत नाही, त्याच्या बाजूचे आहे म्हणून तेही लिहून घ्यावे. पण मग त्यांनी मारायचे होते. माझ्या भावाने दाजी म्हणून हाक मारली होती.

सासऱ्यांनी मला समजावले की जे गेले ते गेले, गावाने मारले म्हणून सांग, गावाला फाशी होत नसते. "तुझं कुकू तू तुझ्या हातानं पुसनार का?" असे ते म्हणाले. मी लेकरांना जेवायला वाढले. आज सकाळी मी चुलीजवळ होते तेव्हा ते ओसरीवर राजनंदिनीला मांडीवर घेऊन बसले होते. ते तिला विचारत होते, "पपा कुठं व्हते त्या दिवशी?" आणि ती म्हणत होती, "मेंढरायमागं." ते म्हणाले, "शाब्बास." आणि तिला खडीसाखर दिली. पुन्हा विचारले, पुन्हा खडीसाखर दिली. तिसऱ्या वेळेला त्यांनी विचारायच्या आधीच तिने हात पुढे केला. मी चुलीतले लाकूड बाहेर काढले, पाणी मारले आणि इकडे यायला निघाले. गावाने मारले म्हणून सांगायलाच जात आहे असे समजून सासरे सोबत आले.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही असे लिहितात, ते खोटे होईल. माझ्यावर दबाव आहे. तो बाहेर बाकावर बसलेला आहे आणि माझी दोन्ही लेकरं त्याच्याजवळ आहेत.

लिहून झाल्यावर हवालदार मॅडमनी हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला. त्यात एका जागी "जमावापैकी एकाने डोक्यात काठी मारली" असे आले होते. ते मी खोडायला लावले आणि त्या जागी "माझ्या नवऱ्याने" असे लिहून घेतले. खोडलेल्या जागेवर माझी सही आहे. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच आहे. शेवटची सही करायच्या आधी माझी लेकरं आत आणून माझ्याजवळ द्यावीत असे मी म्हणाले. मॅडमनी स्वतः जाऊन दोघांना आणले. राजनंदिनी आत आल्याबरोबर मी काही विचारायच्या आधीच "पपा मेंढरायमागं व्हते" असे म्हणाली आणि तिने हात पुढे केला. मी तो हात माझ्या डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने सही करत आहे.

समक्ष,
सही / शिवकन्या परमेश्वर गडदे